डुकरिणीचा बघण्याचा कार्यक्रम

माझ्या हातून आजवर बरीच लग्नं जमली आणि त्याहून जास्त मोडली. गुरांचा डॉक्टर कोणाच्या घरी गेला की पुढच्या दारानं जात नाही, मागच्या गोठ्याकडून शिरतो. त्यामुळे त्या घरात खरं काय शिजतंय ते त्याला भटजीच्याही आधी कळतं. कोणाचा मुलगा मुंबईला मॅनेजर आहे म्हणजे नेमकं काय करतो, कोणाच्या तोंडाला संध्याकाळी कसला वास येतो, ही माहिती लोक गाय तपासून घेता घेता माझ्याकडून काढून घेतात. मी देतोही. साहजिकच बघण्याच्या कार्यक्रमांना मी पुष्कळ बसलोय. पण जिला बघायचं ती चार पायांवर उभी आहे, असा कार्यक्रम माझ्या वाट्याला एकदाच आला.

सुरुवात फोननं झाली. कॉलेजातला माझा एक मित्र आहे. आम्ही दोघं बरोबरच गुरांचे डॉक्टर झालो. मग मी दापोलीकडे सरकारी दवाखान्यात चिकटलो आणि तो पुण्याकडच्या एका संशोधन संस्थेत. मी अजून गाईच्या मागे उभा राहून शेपटीचे फटके खातो, तो थंड खोलीत पांढरा कोट घालून उंदरांकडे बघतो. बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन आला. घरचे कसे आहेत नाही, काही नाही.

"मला डुक्कर हवंय," तो म्हणाला.

"खायला की पाळायला?"

"प्रयोगाला."

आणि त्यानं मला डुकराचं माहात्म्य ऐकवलं. मला ते ठाऊक होतं, पण शास्त्रज्ञाला मध्येच अडवलं तर तो परत पहिल्यापासून सुरू करतो, म्हणून ऐकून घेतलं. डुकराचं काळीज माणसासारखं. कातडी माणसासारखी. पोट, आतडी, स्वादुपिंड, सगळं माणसासारखं. एकेकाळी मधुमेहाच्या रोग्यांना टोचायचं इन्शुलिन डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. हृदयाची झडप बिघडली तर आजही डुकराची बसवतात. शिकाऊ सर्जन माणसाला हात लावायच्या आधी डुकराच्या पायावर टाके घालायला शिकतात. थोडक्यात, माणसाचं काय बिघडलंय हे समजून घ्यायचं असेल तर माणसाला विचारण्यात अर्थ नसतो, कारण तो 'मी काहीच खात नाही हो डॉक्टर' असं सांगतो. डुक्कर खरं सांगतं.

मित्राचा प्रयोग साखरेच्या दुखण्यावर होता. त्याला हवं होतं देशी, काळं, ठेंगणं डुक्कर. विलायती जात वाढता वाढता एवढी वाढते की टेबलावर मावत नाही. वजन साधारण माणसाएवढं हवं. पिशवीतल्या खाद्यावर पोसलेलं नको, घरात माणसं खातात तेच खाऊन मोठं झालेलं हवं. आणि मुख्य म्हणजे गोडधोड खाल्लं की साखर चढणारं हवं. परवानग्यांची चळत त्याच्याकडे तयार होती. फक्त डुक्कर नव्हतं.

"आणि प्रयोग संपल्यावर?" मी विचारलं.

"शेवटी आतलं सगळं तपासावं लागतं," तो म्हणाला. दाताचा डॉक्टर 'थोडंसं दुखेल' म्हणतो ना, तो आवाज. म्हणजे जे डुक्कर पुण्याला जाईल ते परत यायचं नव्हतं.

आमच्या भागात रानडुकरं हवी तेवढी. भाताच्या लोंब्या धरल्या की त्यांची पंगत शेतात बसते. पण पाळलेलं डुक्कर म्हणाल तर माझ्या सगळ्या हद्दीत एकच होतं, दाभोळच्या खाडीच्या वरच्या अंगाला, उघड्या कातळाच्या सड्यावरच्या एका वाडीत. ते ज्यांच्याकडे होतं त्यांना मी काका आणि काकी म्हणतो. नातं काही नाही, पण काकींचे घावणे मी इतकी वर्षं खातोय की नातं लागल्यासारखंच आहे.

काकांनी उभी हयात मुंबईत एका कचेरीच्या कॅन्टीनमध्ये काढली. निवृत्त होऊन गावाला आले, पहिल्या आठवड्यात कुंपणाचा दगडी गडगा नीट केला, दुसऱ्या आठवड्यात त्यांना कंटाळा आला आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर 'वराहपालनातून समृद्धी' असा कसलासा व्हिडिओ बघितला. गोव्याच्या एका माणसाकडून पिल्लं आणली. भावकीनं तोंड वाकडं केलं. शेजारचे भाऊ, म्हणजे काकांचे चुलतभाऊ, त्यांनी तर काकांच्या घरचं पाणी सोडलं. भाऊंचं हृदयाचं काम झालेलं आहे. रक्त पातळ राहायला तेव्हा त्यांना जे इंजेक्शन दिलं असेल ते बहुधा डुकराच्या आतड्यातूनच काढलेलं, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते दवाखान्यातलंही पाणी सोडतील.

समृद्धी काही आली नाही. बाकीची पिल्लं काकांनी त्याच गोव्याच्या माणसाला परत देऊन टाकली. एक मादी तेवढी राहिली, कारण न्यायला माणूस आला त्या दिवशी काकींनी तिला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी लावली आणि 'सापडत नाय' असं सांगितलं. काकींना दोन मुलगे, दोघेही मुंबईला. मुलगी नाही. ह्या डुकरिणीला त्या 'बाय' म्हणायच्या. सकाळी 'बाय, ऊठ गो', दुपारी 'बाय, जेवलीस?' आमच्याकडे आवडत्या मुलीला म्हणतात तसं. बाय त्यांच्या मागोमाग विहिरीवर जायची, घरामागच्या परड्यात जायची, बुरोंडीची मासेवाली आली की तिच्या टोपलीला नाक लावून उभी राहायची. काकी मासे निवडताना तिला विचारायच्या, "ह्यो ताजो काय गो?" आणि तिनं नाक फिरवलं तर मासेवालीचं काही ऐकून घ्यायच्या नाहीत.

मित्राचं म्हणणं मी काकांच्या कानावर घातलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

"संशोधनाला?" ते म्हणाले. "पुण्याला? आमच्या घरातनं?"

"हो."

"पेपरात येईल?"

"डुकराचं नाव येत नाही काका. नंबर येतो."

"नंबर तर नंबर. आमच्या घराण्यात आजपर्यंत दहावीलासुद्धा कुणाचा नंबर आला नाही."

काकी चुलीपुढे होत्या. तव्यावरचा घावणा करपला, आणि काकींचा घावणा करपलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात हजर. पिशवीत आमसुलं, तोंडावर घाम. बाकावर बसल्या आणि सरळच म्हणाल्या, "डाक्टर, ती परत येवची नाय ना?"

"नाही काकी."

"मंग तुमी भांजी मारा."

जुळत आलेल्या स्थळात हळूच खोट काढून ते मोडायचं, ह्याला भांजी मारणं म्हणतात, आणि आमच्या पंचक्रोशीत ह्या कलेत काकींचा हात धरणारं कोणी नाही. एका मुलाचं ठरत आलेलं लग्न त्यांनी, 'मुलगा छान आहे हो, पूर्वीचं काही मनात धरू नका', एवढ्याच वाक्यावर मोडलं होतं. पूर्वीचं काहीही नव्हतं.

"मी सरकारी माणूस," मी म्हटलं. "खोटं कसं बोलणार?"

"खोटा कोण बोलता? भांजी मारतात ती खऱ्यानंच. जा हाय ता बोलायचा, फक्त सगळा बोलायचा."

मित्र जुना होता हे कबूल, पण आमसुलं समोर होती. मी हो म्हटलं. निघताना त्यांना एक सूचना मात्र दिली, कारण मित्रानं बजावून सांगितलं होतं: रक्त तपासायचं आहे, तर आदल्या संध्याकाळपासून तिचा उपास पाहिजे.

"करू की," काकी म्हणाल्या.

कार्यक्रम सकाळचा होता. मे महिना, सडा तापायच्या आत उरकावा म्हणून. मी मित्राला घेऊन पोचलो तर काकांनी घरापुढच्या खळ्यात मांडव घालायचा तेवढा बाकी ठेवला होता. खळं सारवलेलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टीपॉयवर धुतलेलं टेबलक्लॉथ, काका इस्त्रीच्या लेंग्यात. गडग्यापलीकडे अर्धी वाडी आपापल्या कामाला म्हणून उभी. भाऊ गडग्यावरच बसले होते, पाणी सोडलेलं असल्यामुळे अलीकडे पाय न सोडता. फणसाच्या सावलीला बाय. तिला साबण लावून आंघोळ घातलेली, अंगाला खोबरेल, गळ्यात नवी दोरी. ती घोरत होती.

"या, या, साहेब," काका म्हणाले. "रस्ता सापडला ना? आमचं गाव जरा आत आहे. पण माणसं चांगली आहेत."

मित्र पुण्याचा. त्यानं खुर्चीवर बसल्या बसल्या टॅब्लेट उघडला आणि विचारलं, "वय?"

"दुसरं चालू आहे," काका म्हणाले.

"चौथा लागला," स्वयंपाकघरातून काकी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "शिमग्यात चौथा लागला. वय कशाला चोरायचा? उद्या कळलाच असता."

मी मान डोलावली. सुरुवात झकास झाली होती. पण मित्रानं टॅब्लेटवर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "चार? म्हणजे पूर्ण वाढ झालेली. उत्तम."

"खाणंपिणं?" त्याचा पुढचा प्रश्न.

"अगदी बेताचं," काका म्हणाले. "चिमणीसारखं."

"कोण चिमणी?" काकींनी पदर खोचला. "भाताची पेज, गरे काढलेल्या फणसाची चारखंडा, आंब्याच्या साली, काल तर वर ठेवलेला आख्खा शिरा खाल्लान, वाटीसकट चाटून. गोडाची एवढी भूक मी माणसातपण नाय बघितली."

"गोड आवडतं?" मित्र पुढे सरकून बसला.

"आवडता? गुळाची ढेप कुठे ठेवलीय ते हिला माज्या आधी कळता."

मी आपला वाटा उचलला. "आणि धाप फार लागते," मी गंभीर चेहरा करून म्हटलं. "विहिरीपर्यंत गेली की थांबते. परतताना दोनदा बसते." डुकराला घाम येत नाही, मेमध्ये प्रत्येक डुकराला धाप लागते. पण जे आहे ते बोलायचं, आणि सगळं बोलायचं.

"दोनदा बसते," मित्रानं मोठ्यानं म्हणत टिपून घेतलं. त्याचा चेहरा उजळत चालला होता. "चरबी?"

"बगा की," काकी म्हणाल्या. "पोट जमिनीला टेकता. आणि हिचा एकटीचा नाय, हिची आयस पण अशीच होती. गोव्याचा माणूस सांगत होता, आज्जीपण."

मित्रानं टॅब्लेट मांडीवर ठेवला. चष्मा काढून पुसला. मला म्हणाला, "अरे, घराण्यातच आहे हे? तीन पिढ्यांची नोंद? तुला कल्पना आहे का, हे किती दुर्मीळ आहे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं स्थळं मोडली, पण असा वरपक्ष कधी बघितला नव्हता. ह्याला खोटच हवी होती. मुलगी जेवढी रोगट तेवढी पसंत. आम्ही दोघं जीव तोडून जी भांजी मारत होतो, ती त्याच्या कानाला सनईसारखी लागत होती.

मी पाणी मागायच्या निमित्तानं काकींच्या मागे स्वयंपाकघरात गेलो.

"काकी, थांबा. उलटं चाललंय. ह्याला आजारीच पाहिजे."

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. "आजारी पाहिजे? कशाला?"

"आजार कसा होतो ते बघायला."

"मंग आपल्या घरात कोण नाय आजारी? ह्येच्यासाठी पुण्यासून इलो?" त्यांनी कपाळाला हात लावला. पण बाई खमकी. पदरानं तोंड पुसलं, सरबताचा ट्रे उचलला आणि बाहेर गेली ती वधूपक्षाचा दुसराच अंक सुरू करायला.

"तसा साहेब, मी मगाशी बोलले ता रागान बोलले," त्या म्हणाल्या. "बाय तशी लय गुणी हाय. शिरा तिनं खाल्लान नाय, मांजरान खाल्लान. सकाळ संध्याकाळ चालून येते. भाकरीचा कोर टाकला तरी पुरे."

आता घोटाळा असा झाला होता की इकडे काकांच्याही डोक्यात उजेड पडला होता. कॅन्टीनमध्ये आयुष्य काढलेला माणूस, गिऱ्हाइकाला काय हवं ते त्याला चेहऱ्यावरून कळतं.

"कुठली चालते?" काका म्हणाले. "साहेब, हिला लोळण्याशिवाय दुसरं काम नाही. आळशी एक नंबर."

"आळशी तुमी," काकी म्हणाल्या. "ती उन्हात परड्यात जाते तरी. तुमी परडा कुठल्या दिशेला हाय सांगा बगू."

"मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडली होती ना?"

"चिखलात लोळत होती. चक्कर कसली? पडले होतेत तुमी, न्हाणीघरात."

गडग्यावरून भाऊंनी तोंड घातलं. "दोघांनी एक काय ते ठरवा रे. पाव्हणा टाइप करून दमला."

मित्राला नवराबायकोच्या भांडणाची सवय नसावी, त्याचं लग्न झालेलं नाही. त्यानं हात वर केला. "रक्त काय ते सांगेल," तो म्हणाला आणि पेटीतून साखर बघायचं छोटं यंत्र काढलं. "उपाशी आहे ना?"

"व्हय तर," काकी म्हणाल्या. "कालच्यान उपासच हाय तिचा. रातच्याला रताळी उकडून दिली. आणि आत्ता सकाळी साबुदाण्याची खिचडी. मिरची नाय घातली."

मला हसू आवरायला आंब्याच्या झाडाकडे बघावं लागलं. काकी सात्त्विक चेहऱ्यानं उभ्या होत्या. चतुर्थीला त्यांचा स्वतःचा उपास ह्याच सामानावर चालतो, त्यामुळे त्यांच्या हिशेबी बायचा उपास कडकडीतच होता.

"साबुदाणा," मित्र पुटपुटला. क्षणभर तो रडेल असं वाटलं. मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. "थांबा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. कधी दिलात?"

"तुमची गाडी वळणावर दिसली, त्येच्या तासभर आधी."

"उत्तम. मग तर आता साखर वर गेलेलीच असली पाहिजे. चढली की आपण हिला घेतली असं समजा." आणि काकांकडे वळून म्हणाला, "गाडी संध्याकाळीच मागवतो."

काकी माझ्याकडे बघायला लागल्या. आतापर्यंत सगळा तमाशा चालला होता, पण ती नजर तमाशातली नव्हती. म्हणजे त्यांनीच आपल्या हातानं, नारळ घालून, दाण्याचं कूट घालून, तिला गाडीत बसवायची तयारी केली होती.

रक्त मीच काढायचं होतं. डुकराला धरणं म्हणजे काय ते ज्यानं धरलंय त्यालाच माहीत. एरवी वरच्या जबड्यात फास अडकवावा लागतो आणि मग जे किंचाळणं सुरू होतं ते खाडीपलीकडे ऐकू जातं. पण काकी खाली बसल्या आणि तिच्या पोटावरून नखं फिरवायला लागल्या. बाय हळूच आडवी झाली, पाय ताणले, डोळे मिटले. मी कानाच्या कडेच्या शिरेला सुई लावली, थेंब पट्टीवर घेतला. तिनं कान हलवला फक्त. काकींची नखं थांबली नव्हती, पण त्यांची मान दुसरीकडे होती.

यंत्र टिकटिकलं. मित्रानं बघितलं. भुवया आक्रसल्या.

"परत घे."

परत घेतलं. त्यानं यंत्र झटकलं, पट्ट्यांच्या डबीवरची तारीख वाचली, यंत्र उन्हातून सावलीत धरलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"नॉर्मल आहे," तो म्हणाला, कोणी पाकीट मारल्यासारखा चेहरा करून. "रताळी, साबुदाणा, शिरा. आणि साखर एखाद्या खेळाडूसारखी. यंत्र बिघडलंय."

"माणसावर लावून बघा," काका म्हणाले. विज्ञानासाठी ह्या माणसाचं बोट केव्हाही तयार. त्यांनी बोट पुढे केलं, आणि बघणाऱ्यांना दिसावं म्हणून जरा उंच धरलं. मी टोचलं. यंत्र टिकटिकलं.

मी आकडा बघितला आणि दुसऱ्या बोटाला टोचलं. साखर भलतीच चढलेली, दुसऱ्या बोटाला पहिल्यापेक्षाही थोडी जास्त.

मित्रानं माझ्या हातातून यंत्र घेतलं. मग टॅब्लेट बाजूला ठेवून तो काकांसमोर खुर्ची ओढून बसला आणि पहिल्यांदाच माणसासारखं बोलला. "काका, तहान फार लागते का?"

"उन्हाळा आहे."

"रात्री उठावं लागतं?"

"वय आहे."

"पायाला मुंग्या?"

"सड्यावरनं चालतो ना," काका म्हणाले. पण पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"कुठे चालतात?" काकी हळूच म्हणाल्या. त्यात आता टोमणा नव्हता. त्या तशाच बायच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. "धाप लागते ह्येंना. विहिरीवरनं येताना बसतात. शिरा ह्येंनीच खाल्लान, बायनं नाय खाल्लान."

"आई होती का हो अशी?" मित्रानं विचारलं.

"ह्येची आयस पण," भाऊ गडग्यावरून म्हणाले. "माजी काकी. पाय कापला होता तिचा."

काका म्हणाले, "म्हणजे साहेब, तुम्हाला हवा तसा मीच आहे." आणि हसायला गेले, पण कोणी साथ दिली नाही. मी त्यांच्याकडून दुसऱ्याच दिवशी दापोलीला माणसांच्या डॉक्टरकडे यायचं कबूल करून घेतलं. गुरांच्या डॉक्टरनं माणसाला गोळी लिहून दिली तर नोकरी जाते, नाहीतर तिथंच दिली असती.

मग मित्रानं पेटी आवरली. पट्ट्या, सुया, टॅब्लेट. बायकडे एकदा नाराजीनं बघितलं. ती पुन्हा घोरत होती.

"हिचं काय साहेब?" काकांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "हिचा उपयोग नाही. ही राहू दे."

मला वाटलं, आता काकी त्याच्या हातावर साखर ठेवतील. निदान देवापुढे दिवा लावायला आत जातील. काकी उठल्या, पदर झटकला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या.

"म्हंजे? नापसंत?"

"नापसंत असं नाही काकी..."

"काय कमी हाय तिच्यात?"

मित्र माझ्याकडे बघायला लागला. मी आंब्याच्या झाडाकडे बघायला लागलो.

"कमी काहीच नाही," तो म्हणाला. "उलट ती फारच निरोगी आहे."

"असाच सांगतात सगळे," काकी म्हणाल्या. "मुलगी चांगली हाय, शिकलेली हाय, पण आमचा योग नाय. पोहे खाल्लेत, सरबत प्यालेत, कानाला दोनदा टोचलात. आणि आता निरोगी म्हणून सोडून चाललेत? माणसांच्या देखत?"

गडग्यावरची माणसं पांगायचं विसरली होती. भाऊ म्हणाले, "वहिनी बोलते ता खरा हाय. इतपत बघून नाकारायची म्हंजे बरा नाय दिसत." ज्या डुकरिणीपायी त्यांनी घरचं पाणी सोडलं होतं तिच्या अब्रूसाठी ते गडग्यावरून अलीकडे उतरले होते. बोलून बोलून घसा कोरडा पडला म्हणून टीपॉयवरचा सरबताचा पेलाही त्यांनी उचलला, आणि रिकामा होईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. मी लक्षात आणूनही दिलं नाही.

मित्र कसाबसा गाडीत बसला. "हे लोक नक्की कोणत्या बाजूचे होते?" त्यानं घाट उतरताना मला विचारलं. मी त्याला भांजी मारणं म्हणजे काय ते समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला कोणी मुलगी बघायला नेलंच नव्हतं कधी. सोडून दिलं.

पुढचं सांगायचं तर काकांना गोळ्या सुरू झाल्या. सकाळी ते सड्यावर फिरायला जातात, म्हणजे काकी त्यांना पाठवतात आणि बायला मागे लावून देतात, कारण ती मध्ये बसू देत नाही, नाकानं ढकलते. शिरा त्या घरात होतो तो फक्त बायसाठी. काका लांबून वास घेतात.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे म्हशीला बघायला गेलो होतो. बुरोंडीची मासेवाली खळ्यात बसली होती आणि गावोगावची खबर ठेवणारी ती बाई विचारत होती, "काय गो, पुण्याचे बघून गेलेले त्येंचा काय झाला? जमला नाय?"

"आमीच नाय म्हटलो," काकी सुरमई हातात घेऊन, तिचे कल्ले उचकून बघत म्हणाल्या. "घर बरा होता, पण पोरगो टकलो. आणि घरात नुसते उंदीर. अशा ठिकाणी कोण देता मुलगी?"

मासेवालीनं खात्रीसाठी माझ्याकडे बघितलं.

"काकींनी पहिल्यापासूनच नाही म्हटलं होतं," मी सांगितलं.